मोठें ओझें आणि गांवची वाट

वाट कोणीं कोणास द्यावी, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत, ज्यांना पाहतांच इतरांनीं बाजूस सरावें अशांची एक यादी दिलेली आहे. गाडींत बसलेला, नव्वदी उलटलेला, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव, अशी ती आठ जणांची यादी. पाठशाळेंत हा भाग चालला कीं विद्यार्थ्यांचें सारें लक्ष राजा थोर कीं स्नातक थोर या वादाकडे वेधतें. गुरुजींनाहि तो वाद आवडतो, कारण त्याचा निकाल विद्येच्या बाजूनें लागलेला आहे! परंतु व्यवहाराची खरी खूण त्या यादींतल्या गाडीवाल्यांत आणि भारवाहकांत आहे. या दोघांना वाट मिळते ती मानासाठीं नव्हे. चालती गाडी एकाएकीं थांबत नाहीं, आणि डोक्यावर भार असलेल्यास मान वळवितां येत नाहीं. सबब ज्याचे हातपाय मोकळे आहेत त्यानें सरावें, एवढेंच त्यांतलें तारतम्य.

या नियमाची दुसरी बाजू कौटिल्यानें सांगितली आहे. अर्थशास्त्रांत वाटांचीं मापें दिलेलीं आहेत. माणसें आणि लहान जनावरें यांच्या वाटेस दोन अरत्नि, मोठ्या जनावरांच्या वाटेस चार, रथाच्या वाटेस पांच, आणि हत्तीच्या वाटेस दोन दंड. अरत्नि म्हणजे सुमारें दीड फूट, आणि चार अरत्नींचा एक दंड. म्हणजे हत्तीची वाट बारा फुटांची झाली. त्या काळीं हत्तीहून मोठें असें रस्त्यावर दुसरें काय येणार? पुढें त्याच ग्रंथांत वाट अडविणारांस दंड सांगितला आहे, आणि वाट जितकी महत्त्वाची तितका दंड मोठा. तात्पर्य, ओझ्यास लोकांनीं वाट द्यावी, आणि ओझ्यानें लोकांची वाट बुडवूं नये, अशीं हीं दोन वचनें आहेत. आजच्या काळीं शहरांतून मोठा माल नेण्यासाठीं जो परवाना काढावा लागतो, तो म्हणजे या दोन वचनांचा कागदावर घातलेला मेळ होय.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांवर एखादें प्रचंड यंत्र वाहून नेण्याचा प्रसंग येईल. तरीहि हा विषय केवळ ठेकेदारांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. गल्लींतल्या मंडळाची गणेशमूर्ति, घराच्या स्लॅबसाठीं आणलेल्या लोखंडी सळया, शेतावरचा ऊस आणि कडबा, हीं सर्व त्याच प्रश्नाचीं धाकटीं भावंडें आहेत. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, फार मोठ्या ओझ्याची आपल्याला जेवढी भीति वाटते तेवढी बाळगण्याचें कारण नाहीं, कारण तें विचारून येतें. भीति बाळगावी ती हातभर मोठ्या ओझ्याची, कारण तें न विचारतां येतें.

प्रथम मोठें म्हणजे किती मोठें, तें पाहूं. आपल्या देशांतल्या मोटारवाहन नियमांप्रमाणें रस्त्यावरील गाडी मालासकट २.६ मीटरहून, म्हणजे साडेआठ फुटांहून अधिक रुंद असूं नये. सामान्य मालगाडीची उंची ४ मीटरच्या, म्हणजे तेरा फुटांहून किंचित् अधिक अशा मर्यादेंत असावी. आणि ओढणारी गाडी व मागचा ट्रेलर मिळून लांबी १८.७५ मीटरच्या, म्हणजे साडेएकसष्ट फुटांच्या आंत असावी. यांपैकीं एक जरी मर्यादा ओलांडली, तरी तो माल मोठ्या आकाराचा ठरतो आणि त्यास निराळी परवानगी लागते. वजनाच्या मर्यादा गाडीच्या आंसांवर आणि चाकांवर ठरविलेल्या असतात, त्या याहून वेगळ्या.

यांत मौज अशी कीं, कोणतीहि वस्तु स्वत: मोठी किंवा लहान नसते, वाट तिला तसें ठरविते. लातूरजवळ हरंगुळ येथें रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला असून २५ डिसेंबर २०२० रोजीं तेथें पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आजकाल आपण ज्या डब्यांतून प्रवास करतों ते सुमारें साडेतेवीस मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद असतात. रुळांवरून जातांना त्यांच्याकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. पण तोच डबा रस्त्यावर ठेवा, कीं तो लांबींत आणि रुंदींत नियमाबाहेर गेलाच! मुंबईच्या भुयारी मेट्रोची पहिली गाडी २०२२ सालीं आंध्र प्रदेशांतील श्रीसिटी येथून ट्रेलरांवर चढून रस्त्यानें आली, तेव्हां त्या डब्यांचा असाच वेषांतर केलेला प्रवास झाला. आणि याच लातूरला १९११ सालीं जी पहिली आगगाडी आली ती बार्शी लाईट रेल्वेची. तिच्या रुळांतलें अंतर अवघें अडीच फूट, आणि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार घालावयाचा नाहीं असा कॅलथ्रॉप या तिच्या कर्त्याचा दंडक. या शतकाच्या पहिल्या दशकांत तो मार्ग रुंद झाला, आणि त्यानंतर हा कारखाना तेथें येऊं शकला. वाट रुंदावली कीं गांवाचें नशीबहि थोडेंसें रुंदावतें, तें असें.

मोठें ओझें हलविण्याचा आपल्या मराठवाड्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग मात्र आगगाडीच्या फार पूर्वींचा आहे. विजापूरच्या तटावर मलिक-इ-मैदान ही तोफ आजहि पाहावयास मिळते. ती १५४९ सालीं अहमदनगर येथें ओतली गेली, पुढें परांड्याच्या किल्ल्यांत राहिली, आणि १६३२ सालीं परांड्याहून विजापुरास नेण्यांत आली. चौदा फूट लांब आणि सुमारें पंचावन्न टन वजनाची ती तोफ ओढण्यास चारशें बैल, दहा हत्ती आणि शेंकडों माणसें लागलीं असें सांगतात. तिची जोडीदार कडक-बिजली नांवाची दुसरी तोफ वाटेंत नदींत बुडाली, अशीहि आख्यायिका आहे. आख्यायिकेंत खरें किती आणि खोटें किती, तो वाद इतिहासकारांचा. आपण तींतून एवढेंच घ्यावें कीं, बादशहाचा हुकूम बैलांवर आणि माणसांवर चालतो, नदीवर चालत नाहीं. ओझें नेणारानें शेवटचा परवाना मागावयाचा तो नदीच्या पात्राकडे आणि पुलाच्या खांबांकडे.

आतां आपल्या काळांतलें एक उदाहरण घेऊं. तिरुवनंतपुरम् येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठीं महाराष्ट्रांत एक प्रचंड भट्टीवजा पात्र तयार झालें. अंतराळयानांचे हलके पण बळकट भाग उष्णता आणि दाब देऊन त्यांत पक्के करावयाचे असतात. त्याचें वजन सुमारें सत्तर टन, उंची साडेसात मीटर आणि रुंदी साडेसहा मीटरांहून अधिक. चौऱ्याहत्तर चाकांच्या वाहनावर चढून तें ८ जुलै २०१९ रोजीं निघालें आणि चार राज्यें ओलांडून जुलै २०२० मध्यें मुक्कामास पोहोंचलें. अंतर सुमारें सतराशें किलोमीटर. एखादी साधी मालमोटार तें चार-पांच दिवसांत तोडील. याला एक वर्ष लागलें! मध्यें महामारीच्या टाळेबंदींत तें महिन्याहून अधिक काळ अडकून पडलें, हें खरें; परंतु एरवींहि त्याची चाल दिवसाला पांच किलोमीटरच्या आसपासच होती. बरोबर सुमारें तीस माणसांचा ताफा. कोठें झाडांच्या फांद्या छाटाव्यात, कोठें विजेच्या तारा बाजूस कराव्यात, कोठें आधीं रस्ताच डागडुजी करून घ्यावा, असें करीत करीत ती वरात गेली.

येथें मुलांनीं एक गणित सोडवावें. सत्तर टन भार आणि चौऱ्याहत्तर चाकें. म्हणजे एका चाकावर एक टनाहूनहि कमी भार आला. वाहनाचें स्वत:चें वजन मालाइतकेंच धरलें, तरी एका चाकाच्या वांट्याला दोन टनांच्या आंतच पडतें. उलट, आपल्या बाजारांत रोज येणारी सहा चाकांची साधी मालमोटार घ्या. २०१८ सालापासून तिला मालासकट साडेअठरा टनांची मुभा आहे. म्हणजे एका चाकावर सरासरी तीन टनांहून अधिक. यावरून दिसेल कीं, ज्याला पाहून आपण तोंडांत बोट घालतों तें राक्षसी वाहन रस्त्याच्या पाठीवर साध्या मालमोटारीपेक्षां हलक्या पावलानें चालतें.

मग त्याला पुलाची एवढी धास्ती कां? त्याचें कारण असें कीं, रस्त्याला एकेका चाकाचा भार कळतो, पण पुलाच्या कमानीला सगळा भार एकदम कळतो. यासाठीं पुलांचे आराखडे करण्याच्या भारतीय नियमावलींत अशा खास वाहनाची निराळी कल्पना केलेली आहे. ३८५ टनांचें तें वाहन पुलाच्या मध्यरेषेवरून, तासाला पांच किलोमीटरहून कमी गतीनें, आणि पुलावर दुसरी एकहि गाडी नसतां जाईल, असें गृहीत धरतात. मध्यरेषा अशासाठीं कीं, भार एका बाजूस कलूं नये. मंद गति अशासाठीं कीं, हादरा बसूं नये. आणि पूल रिकामा अशासाठीं कीं, भारांत भार मिळूं नये. परवान्यांत एवढ्या अटी कां घालतात म्हणून जे कुरकुरतात त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. त्या अटी साहेबाच्या लहरींतून आलेल्या नाहींत. त्या पुलाच्या हाडांतून आलेल्या आहेत.

असा परवाना काढावयाचा तर कोणाकोणाचीं दारें ठोठवावीं लागतात? समजा, एखादा मोठा रोहित्र लातुराहून नांदेडास न्यावयाचा आहे. तुळजापुराहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे. त्यासाठीं केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे संगणकावरून अर्ज करावा लागतो. अर्जांत मालाचें वजन व मापें, वाहनाचे आंस, प्रत्येक आंसावरचा भार आणि मार्ग, हें सारें लिहावयाचें. राज्याच्या रस्त्यास सार्वजनिक बांधकाम खातें. शहराच्या हद्दींत शिरल्यावर रस्ता महानगरपालिकेचा. नांदेडची महानगरपालिका १९९७ सालची, लातूरची २०११ सालची. कोणत्या प्रहरीं शहरांतून जावयाचें तें पोलिसांच्या वाहतूक शाखेनें ठरवावयाचें, आणि तें बहुधा रात्रींचें असतें. तारांसाठीं महावितरण, रुळ ओलांडावयाचे असतील तर रेल्वे. आणि लोह्याकडून नांदेडास येतांना गोदावरी ओलांडावी लागते, तेव्हां नदी आणि तिचा पूल हे आहेतच.

या साऱ्या अर्जांच्या मुळाशीं दोन गोष्टी आहेत. एक, माल खरोखरच अविभाज्य असला पाहिजे. ज्याचे तुकडे होऊं शकतात त्यास मोठ्या मालाची परवानगी मागण्याचा अधिकारच नाहीं. मुंबईस अंधेरीचा गोखले पूल नव्यानें बांधतांना त्याच्या प्रचंड लोखंडी तुळया अंबाल्यास घडविल्या; परंतु त्या सुट्या भागांत रस्त्यानें आणून जागेवर जोडल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्यें पहिली तुळई रुळांवर चढविली. सुटें करतां येतें तें सुटें करून आणावें, हाच शहाणपणा. दुसरी गोष्ट, वाट आधीं पायांखालून घातलेली असली पाहिजे. जाणता वाहतूकदार आपला माणूस पुढें धाडतो. तो प्रत्येक तारेची उंची, प्रत्येक वळणाची रुंदी आणि प्रत्येक मोरीची अवस्था वहींत टिपून आणतो, आणि मग अर्ज लिहिला जातो. ज्यानें वाट न पाहतां अर्ज लिहिला, त्याचा अर्ज मंजूर झाला तरी त्याचें ओझें मंजूर झालें असें समजूं नये.

अलीकडे धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांत पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. ज्या चक्कीच्या फिरत्या चक्राचा व्यास १४४ मीटर, तिचें एकेक पातें सुमारें सत्तर मीटरांचें, म्हणजे दोनशें तीस फुटांचें असतें. नियमांतल्या लांबीच्या जवळजवळ पावणेचार पट! असें पातें वळणावर आलें कीं त्याचें तोंड रस्त्यावर असतें आणि शेंपूट कोणाच्या तरी शेतावरून फिरत असतें. लातूरच्या गंजगोलाईंत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या गोलाईंत हें पातें कोणत्याहि रस्त्यानें शिरलें तर दुसऱ्या कोणत्याहि रस्त्यानें बाहेर पडणार नाहीं. म्हणून तें बाहेरच्या वळणरस्त्यानें जातें. पुढें लाल झेंड्याची गाडी, मागें लुकलुकता दिवा, आणि बरोबर चालणारीं माणसें. नांदेडचे रस्ते २००८ सालीं गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें पुष्कळ रुंद झाले. तरी वजिराबादेंतून किंवा इतवाऱ्यांतून असें पातें नेण्याची कल्पनाहि कोणी करणार नाहीं. एवढें मोठें ओझें आपली पायरी ओळखून असतें.

आतां त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या ओझ्यांकडे पाहा. दिवाळी झाली कीं मराठवाड्यांत साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटतात, आणि ट्रॅक्टरामागें दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चालूं लागतो. उसाचे शेंडे दोन्ही बाजूंस हातभर बाहेर, मागें दिवा नाहीं, चमकणारी पट्टी असली तर ती पाचटानें झांकलेली. अंधाऱ्या रात्रीं मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावरच. कडब्याच्या गाड्या, फुगून दुप्पट झालेल्या कापसाच्या गाड्या, यांचीहि तीच तऱ्हा. यांपैकीं कोणीहि परवाना काढीत नाहीं. आणि काढूं म्हटलें तरी मिळणार नाहीं, कारण ऊस कांहीं अविभाज्य नाहीं! दोन मोळ्या कमी घातल्या कीं तो नियमांत बसतो. पंजाबाकडून येणारीं सोयाबीन कापणीचीं अजस्र यंत्रें पाहा. लांबच्या प्रवासांत त्यांचा कापणीचा रुंद भाग सोडवून मागें लावलेला पुष्कळदां दिसतो. जें यंत्रवाल्याला सुचतें तें ऊसवाल्याला सुचूं नये काय?

सळयांची गोष्ट तशीच. २०१४ सालापर्यंत गाडीच्या मागें एक मीटर माल पुढें आलेला चालत असे. त्या सळयांवर आदळून माणसें मरतात हें पाहून त्या वर्षीं ती सूट काढून टाकण्यांत आली. सप्टेंबर २०१९ पासून तर माल बाजूस, पुढें, मागें किंवा वर मर्यादेबाहेर गेल्यास वीस हजार रुपये दंड आहे; वजन अधिक भरल्यास वीस हजार आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागें दोन हजार. ज्यानें रीतसर सूट घेतली आहे त्यास मात्र हा दंड नाहीं. तरी घर बांधणारे सद्गृहस्थ दुकानदारास सांगतात, “कशाला दोन खेपा? एकाच खेपेंत येऊं द्या.” एका खेपेचें भाडें वांचतें, आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या कोणत्या तरी अनोळखी घरानें द्यावयाची असते. हा हिशेब सुशिक्षित कुटुंबांस शोभणारा नाहीं.

सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न उत्सवाचा आहे. २७ एप्रिल २०२२ रोजीं पहाटे तमिळनाडूंत तंजावरजवळ काळिमेडू येथें देवाचा रथ निघाला होता. वळण घेतांना रथाच्या वरच्या भागाचा उच्च दाबाच्या वीजतारेस स्पर्श झाला, आणि अकरा माणसें जागच्या जागीं वा नंतर मृत्यु पावलीं. त्यांत लहान मुलेंहि होतीं. रस्ता नव्यानें करतांना त्याची पातळी उंचावली होती, असें त्या गांवचे लोक सांगत. हें खरें असेल तर त्यांतला बोध फार कठोर आहे. रथ तोच, तार तीच, भाविक तेच. बदलली ती जमीन. “दरवर्षीं येथूनच तर जातों” हें वाक्य परवान्याच्या ठिकाणीं वापरतां येत नाहीं.

आमच्याकडे भाद्रपदांत हेंच घडूं शकतें. २०२० व २०२१ या दोन सालीं महामारीमुळें सार्वजनिक मूर्तींवर चार फुटांची मर्यादा होती. २०२२ पासून ती उठली, आणि मूर्ति पुन्हां वाढूं लागल्या. पुन्हां एक सोपें गणित. मूर्ति दहा फूट, ट्रॉलीची पाटी जमिनीपासून चार फूट, बेरीज चौदा. चार मीटरची मर्यादा येथेंच ओलांडली गेली. त्यावर छत्र, त्यावर झेंडा, आणि मूर्तीच्या मागें उभा राहिलेला कोणा घरचा उत्साही मुलगा! त्याच्या हातांत तारा वर उचलण्यासाठीं एक बांबू दिलेला असतो. वडीलधाऱ्या मंडळींनीं हा बांबू मात्र पाहतांक्षणीं काढून घ्यावा. लांकूड वीज वाहून नेत नाहीं हें शाळेंत शिकविलें जातें तें कोरड्या लांकडाविषयीं. भाद्रपदांतल्या पावसानें भिजलेल्या बांबूविषयीं नव्हे. शहरांतून जाणाऱ्या कित्येक तारांत अकरा हजार व्होल्टांचा दाब असतो. तो बांबू पुढें करणाऱ्या मुलास दुसरी संधि देत नाहीं.

मग करावें काय? मूर्ति आणण्यापूर्वीं चार दिवस, दिवसाउजेडीं, कारखान्यापासून मंडपापर्यंत दोघांनीं चालत जावें. तारेजवळ कांहींहि न नेतां, जेथें उंचीचा संशय येईल ती जागा टिपून घ्यावी आणि महावितरणच्या माणसाकडून मोजून घ्यावी. मिरवणुकीची वेळ लेखी कळवून तेवढा वेळ पुरवठा बंद ठेवण्याची विनंती करावी. मुकुट आणि प्रभावळ सुटी करतां येईल अशीच मूर्ति मूर्तिकारास सांगावी. फारच उंच हवी असेल तर ती मंडपांतच घडवावी. पोलिसांकडून मार्ग आणि वेळ मंजूर करून घ्यावी. आणि या सर्वांचा कागद मंडळांतल्या एका जबाबदार माणसाच्या खिशांत असावा. ज्या घरांतलीं मुलें मंडळांत आहेत त्या घरानें वर्गणी देतांना मूर्तीच्या उंचीबरोबर तारेचीहि उंची विचारावी. वर्गणी देणाराला एवढा अधिकार खास आहे.

यावर कोणी म्हणेल, “हें सारें खरें, परंतु पांच कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्यास कोणास सवड आहे? नियमानें जाणाराचा महिना जातो आणि न विचारतां जाणारा रात्रींत निघून जातो.” ही तक्रार खोटी नाहीं. परवाना जितका दुर्मिळ, तितकी चोरवाट रुंद. म्हणून कचेऱ्यांनींहि आपली बाजू सांभाळावी. प्रत्येक महानगरपालिकेनें आपल्या शहराचा एक नकाशा दर वर्षीं सिद्ध करून लोकांसमोर लावावा. त्यांत कोणत्या रस्त्यावर सर्वांत खालची तार किती उंचीवर आहे, कोणतें वळण किती रुंद आहे, कोणती मोरी किती भार सोसते, एवढेंच दाखवावें. अशा नकाशानें निम्मे अर्ज अनावश्यक ठरतील, आणि उरलेल्यांचा निकाल एका दिवसांत लागेल. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. हें काम त्यांच्या हातून एका सुटींत होण्याजोगें आहे.

मोठ्या कुटुंबांत राहणाऱ्यांस या विषयाचें मर्म समजावून सांगण्याची खरोखर गरज नाहीं. श्रावणांतल्या सवाष्णींच्या पंगतीसाठीं उकळत्या आमटीचें पातेलें चुलीवरून उतरवून माजघरांतून न्यावयाचें असलें कीं, नेणाऱ्या दोघीजणी आधीं हांक देतात, वाटेंतलें पोर कोणी तरी उचलून घेतें, पाट सरकविले जातात, आणि मगच पहिलें पाऊल पडतें. त्या हांकेला कोणी अपमान समजत नाहीं, आणि हांक न देतां धांवणारीस कोणी शूर म्हणत नाहीं. शहराचा परवाना म्हणजे हीच हांक होय. घर लाखों माणसांचें झालें, म्हणून ती कागदावर लिहावी लागते, इतकेंच.